कोहळ्याकडे बोट दाखवू नये

चहा येईपर्यंत एक फजिती सांगून टाकतो. अट एकच. ऐकून झाल्यावर आत जाऊन माझ्या बायकोला विचारायचं नाही, की हे खरं का म्हणून. हाच किस्सा ती सांगते तेव्हा त्यात माझी अब्रू काही उरत नाही. मी सांगितला तर निदान थोडी तरी उरेल, अशी आशा आहे.

तर माझ्या हाताला गुण आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. नाही? कमाल आहे. अख्ख्या कॉलनीला माहीत होतं, कारण मीच सांगत फिरायचो. मी काडी खोचली की पालवी फुटलीच म्हणून समजा. बी टाकलं की दुसऱ्या दिवशी ते मला विचारत वर यायचं. त्या कोहळ्यापर्यंत तरी माझी अशीच समजूत होती.

आम्ही तेव्हा कोराडीला राहायचो, स्टाफ कॉलनीत. मी पॉवर हाऊसच्या स्टोअरमध्ये नोकरीला. पॉवर हाऊस नवं, क्वार्टर नवी आणि राखही नवी. सकाळी पांढरा शर्ट वाळत टाकला की संध्याकाळी तो कोणाचा आहे हे शेजाऱ्यांना विचारून ठरवावं लागायचं. पण त्याच राखेत, क्वार्टरच्या मागच्या अंगणात, मी वांगी, मिरच्या, कोथिंबीर आणि वालाचा वेल असा सगळा संसार मांडला होता. घरात फोडणी तडतडली की माझी बायको कमल मागच्या दारातून म्हणायची, "अहो, चार वांगे तोडा." ते वांगं देठावरून निघून कढईत पडेपर्यंत तेल धुरावतही नसे. तशी भाजी मी नंतर कुठं खाल्ली नाही, आणि आता खाणारही नाही.

त्या वर्षी कोहळ्याचाही वेल लावला, त्याला एक कोहळं लागलं. कोहळं म्हणजे आमच्याकडचा लाल भोपळा. फुलं पुष्कळ आली, गळून गेली, आणि हे एकच टिकलं. आधी पेरूएवढं होतं. मग नारळाएवढं झालं. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण सकाळी ड्युटीवर जाताना पाहिलेलं कोहळं आणि संध्याकाळी परत आल्यावर दिसायचं ते कोहळं एकच आहे का, अशी शंका यायची. पायजम्याची जुनी नाडी घेऊन मी त्याचा घेर मापत असे. एक दिवस नाडी पुरली नाही.

"आता मायं लुगडं फाडा," कमल म्हणाली.

हसा तुम्ही. पण मी त्या कोहळ्यापाशी उकिडवा बसलो की माझा आवाज आपोआप खाली यायचा. तिकडे पॉवर हाऊस एवढा गडगडाट करून, एवढा धूर सोडून, ट्रकमागून ट्रक कोळसा खाऊन वीज काढायचं. आणि इकडे माझ्या मागच्या दाराशी एका चपट्या बीमधून एवढं काहीतरी तयार होत होतं, आणि त्याचा आवाज म्हणून नाही. मला त्याचं फार नवल वाटायचं. मी त्याच्या खाली फडक्याची चुंबळ ठेवली. वरची राख ओल्या हातानं पुसली, कूस बदलून दिली, रात्री गोणपाट पांघरलं. लहान लेकराचं जे जे करतात ते सगळं केलं.

अशात माझी धाकटी बहीण शालू आली. वरोऱ्याला दिलेली, दुसऱ्यांदा गरोदर. आईबाप राहिले नव्हते, तेव्हा बाळंतपणाचं माहेर म्हणजे आम्हीच. जावईबापू तिला सोडून त्याच बसनं परत गेले. शालूच्या पुढे तिचं पोट आणि मागे तिची पोरगी, रंजू. वय सहा, वेण्या दोन, आणि प्रश्न किती ते विचारू नका.

रंजू घरात पाणीसुद्धा प्यायली नाही. सरळ मागच्या अंगणात गेली आणि कोहळ्यासमोर थबकली.

"मामा, हे काय होय?"

"कोहळं."

"एवढं?"

असं म्हणून तिनं बोट पुढे केलं. नखासकट. आता कॉलनीतल्या पोरांचा माझा अनुभव वाईट होता. कोवळ्या भोपळ्यावर नखानं आपलं नाव कोरायचं, हा त्यांचा आवडता उद्योग. आणि पोराला 'नख लावू नको' म्हटलं की ते नेमकं नखच लावतं. तिथं धाक पाहिजे. म्हणून मी ओरडलो, "हां, बोट नको दाखवू."

"काहून?"

"जे वाढून राहिलं असते नं, त्याच्याकडे बोट दाखवलं का ते सडते. दाखवायचंच असलं तं असं, बोट वाकडं करून दाखवायचं."

हे मी काही डोक्यातून काढलं नव्हतं. आमच्या आजीपासून सगळे असंच सांगत आले आहेत. तुमच्याही घरी सांगत असतील. पण शालू दारात उभी होती, ती कमरेवर हात ठेवून हसली.

"दादा, बाबा असते नं, तं तुले उन्हात उभं केलं असतं."

तिचं खरं होतं. आमच्या बाबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि घरी आल्या आल्या पहिल्यांदा दारावरची लिंबू-मिरची काढून फेकली. मांजर आडवी गेली तर ते मुद्दाम तिच्या मागून चालत जायचे. त्यांच्या घरात असलं बोलायची कोणाची टाप नव्हती.

"अवं, हे लेकराच्या धाकासाठी," मी म्हणालो. "मी कायले मानतो?"

रंजूनं मात्र मानलं. मामा सांगतो म्हणजे खरंच असणार. त्या दिवसापासून ती जगातल्या यच्चयावत वस्तूंकडे वाकड्या बोटानं दाखवायला लागली. बकरीकडे वाकडं बोट, बसकडे वाकडं बोट. एकदा रस्त्यानं आमचे साहेब चालले होते. तिनं वाकडं बोट करून मोठ्यानं विचारलं, "मामा, हे पण वाढून राहिले का?" साहेबांचं पोट तेव्हा खरोखरच वाढून राहिलं होतं, त्यामुळे मी वाकून चपलेचा अंगठा तपासायला लागलो.

शालूला डोहाळे लागले होते कोहळ्याच्या बोंडांचे. कोहळं किसायचं, गूळ घालायचा, कणीक मळायची आणि गरम तेलात सोडायची ती गोड बोंडं. ती रोज अंगणात बघायची आणि म्हणायची, "दादा, काप ना गा." आणि मी रोज म्हणायचो, "थांब, अजून रंग आला नाही खालून."

ते थांबणं अंगलट आलं. शालूच्या पायांवर सूज चढली. नागपूरला दाखवायला नेली तर डॉक्टरीणबाईंनी तिला ठेवूनच घेतलं. म्हणाल्या, आता बाळंत होऊनच जा. मी संध्याकाळच्या बसनं एकटाच परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं फडकं घेऊन अंगणात गेलो आणि तिथंच बसलो.

कोहळ्याचा देठ काळा पडला होता. वेलाची पानं हिरवी, बाकी सगळं जागच्या जागी, आणि देठाभोवती बोट दाबलं तर आत जात होतं. मी फडकं हातात घेऊन किती वेळ बसून होतो कोण जाणे. मागं पाहिलं तर रंजू. तिनं फक्त उजवा हात काखेत घातला आणि घरात गेली.

मला वाटलं, पोरगी कोहळ्यासाठी हळहळली. मी म्हटलं, "जाऊ दे वं रंजू, दुसरं लागते." मग म्हटलं, "चाल, आज मामीसंगं आईले भेटाले जाय." तर म्हणे, "मी नाई येत." आता सहा वर्षांची पोर, आई दवाखान्यात, आणि भेटायला येत नाही म्हणते? दुपारी जेवली नाही. संध्याकाळी कमल दवाखान्यातून परत आली, तिनं शेगडी पेटवली, भाकरी टाकली, आणि रंजूला जवळ बसवून दूध-भाकर कुस्करून दिली. रंजू डाव्या हातानं खाऊ लागली.

"उजव्या हाताले काय झालं वं?" कमलनं विचारलं.

"काई नाई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मामी, पोटातलं बाळ वाढून राहिलं असते नं?"

"हो."

"मग ते पण सडते का?"

कमलचा हात थांबला.

"मी आईच्या पोटाकडे बोट दाखवलं होतं," रंजू म्हणाली. "सरळ बोट. मले तवा माईतच नवतं."

तव्यावरची भाकरी करपली. लग्न झाल्यापासून कमलची भाकरी करपलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. ती माझ्याकडे वळून बघत होती, आणि मला कळत होतं की आता पुढचे कित्येक महिने माझ्या ताटात काय काय करपून येणार आहे. पण खरं सांगू, त्या क्षणी मला तिची भीती वाटली नाही. त्या पोरीनं डाव्या हातानं उचललेला घासच मला दिसत होता. मी एका भोपळ्यासाठी हे करून ठेवलं होतं.

मी पुढं सरकलो. "रंजू, मामानं खोटं सांगतलं होतं. बोटानं काई होत नाई."

"मग कोहळं काहून सडलं?"

झालं. आता याला काय उत्तर द्यायचं? ते का सडलं हे मलाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, असंच सडलं. ती म्हणाली, असंच कसं सडेल, तू तं त्याले रोज पुसत होता. मी म्हटलं, कीड लागली असेल. ती म्हणाली, कीड दाखव. मोठमोठ्या साहेबांनी स्टोअरची तपासणी केली तेव्हा मी असा अडकलो नव्हतो.

म्हणून मी ठरवलं, बोलून उपयोग नाही, प्रत्यक्ष दाखवायचं. सकाळी तिला वांग्याच्या सगळ्यात तरतरीत झाडापुढे उभी केली. "दाखव बोट. सरळ. पाहू काय होते ते." ती दाखवेना. मी तिचा हात काखेतून काढला, हळूच बोट उघडलं. तिनं डोळे मिटून एकदा दाखवलं आणि हात परत काखेत.

ती घरात गेल्यावर मी विचार केला. हे झाड नुसतं जगून भागणार नाही. हे असं फोफावलं पाहिजे की पोरीचे डोळे दिपले पाहिजेत. ऑफिसातल्या एका मित्रानं आपल्या शेतासाठी आणलेल्या युरियातला थोडा मला दिला होता. तो मी झाडाच्या बुडाशी घातला. माझ्या हाताला गुण आहेच, वर युरिया. आता कसं राहतं ते बघू म्हटलं.

राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या, दुपारी झाडानं मान टाकली. रंजू दाराच्या आडून बघत होती. तिनं रडावं तर तेही नाही. ती नुसती आपल्या काखेत घातलेल्या हाताकडे बघत होती, तो तिचा नसून कोणीतरी तिच्याकडे ठेवायला दिला असावा तशी.

मी हार मानणारा माणूस नाही. हा माझा दोष आहे. मी तिला मिरचीचं एक गुटगुटीत रोप दाखवायला लावलं. या वेळी मी ठरवलं की खत नाही, काही नाही, फक्त राखण. कॉलनीत बकऱ्या फार. एखादी येऊन नेमकं तेच रोप खाऊन गेली तर पोरीला काय सांगायचं? म्हणून मी त्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि निर्धास्तपणे ड्युटीवर गेलो. दसऱ्यानंतरचं ते आमचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. संध्याकाळी घमेलं उचललं तेव्हा रोप शिजलं होतं. मीठ घातलं असतं तर वाढता आलं असतं.

आता ही बातमी भिंतीपलीकडे गेली. शेजारच्या ढोमणेकाकू भिंतीवरून सगळं पाहत होत्या. संध्याकाळी त्या आल्या त्या पदर सावरतच. रंजूशी त्या एरवी 'ए पोट्टी' म्हणून बोलायच्या. त्या दिवशी वाकून म्हणाल्या, "रंजूबाई, आमच्या अंगणात लय गाजरगवत झालं वं. उपटून उपटून कंटाळली मी. एक डाव बोट दाखवतं का माय?"

त्यांच्या मागून आणखी कोणी कोणी आलं. कोणाला बाजेतल्या ढेकणांकडे बोट पाहिजे, कोणाला मानेवरच्या चामखिळीकडे. पलीकडच्या गल्लीतून दोघी आल्या त्या नुसतं बघायला. अंगणाच्या कडेला उभ्या राहून त्या पोरीच्या काखेकडे बघत होत्या, कुजबुजत होत्या, आणि तिनं नुसती मान वळवली तरी मागं सरकत होत्या.

तुम्ही म्हणाल, अडाणी लोक. अहो, मी कुठं शहाणा राहिलो होतो? रंजूनं माठातलं पाणी घ्यायला हात पुढे केला आणि मी पटकन बाजूला झालो. मी, दीक्षा घेतलेल्या बापाचा पोरगा. माझं मलाच कळलं आणि मी माठ पुसायचं निमित्त केलं. पण आतून मला खरोखर वाटायला लागलं होतं, की या एवढ्याशा बोटात काहीतरी आहे. कोहळं, वांगं, मिरची, तीनही गेली हो. डोळ्यांदेखत गेली.

ढोमणेकाकूंनी रंजूकडून गाजरगवताकडे बोट दाखवून घेतलंच. त्याचं काय झालं विचाराल तर त्याला काहीही झालं नाही. उलट चांगलं तरारलं. मला इतका आनंद झाला की मी रंजूला उचलून भिंतीपाशी नेलं. "पाह्य, पाह्य. बोट दाखवलं तरी कसं उभं आहे."

तिनं गवताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मामा, ते कोणाले पायजे होतं?" ती म्हणाली. "जे पायजे असते तेच मरते."

मी तिला खाली ठेवलं. सहा वर्षांच्या पोरीनं असं काही म्हणावं, आणि ते मी तिच्या तोंडी घातलेलं असावं. त्या दिवशी ड्युटीवर मी एकच यादी तीनदा मोजली.

मी घरी आलो तेव्हा कमल मागच्या दारात पाट मांडून बसली होती. समोर विळी, आणि विळीपुढे ते कोहळं. मला ते टाकून द्यायचा धीर झाला नव्हता. ते तिथंच वेलापाशी पडून होतं. कमलनं ते उचलून आणलं होतं.

"वरचंच सडलं आहे," ती म्हणाली. "खालून घट्ट आहे. अर्धं तरी निघते." मग तिनं वेलाचा तुकडा असलेला देठ माझ्यापुढे धरला. "हे काय होय?"

"देठ."

"ते मलेही दिसते. पिळलेला काहून आहे?"

मी बघितलं. देठ खरंच पिळलेला होता. धुणं पिळतात तसा, एकावर एक वळसे.

"तुमी याले रोज सकाळी काय करून राहिले होते?"

"काही नाही. पुसत होतो."

"अजून?"

"थोडं... कूस बदलून देत होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्या बाजूनं ऊन लागावं म्हणून थोडं थोडं फिरवत होतो. भाकरी नाही का फिरवत आपण?"

"भाकरीले देठ असते का?"

मी देठाचे वळसे मोजायला लागलो. दुसरं काय करणार होतो?

"एकाच बाजूनं फिरवलं?"

"हो. दुसऱ्या बाजूनं फिरवलं तर पुन्हा तीच बाजू वर आली असती ना."

कमलनं देठ खाली ठेवला. "वांग्याले काय टाकलं?"

"युरिया."

"किती?"

मी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. ती ओंजळ माझ्यासमोर होती, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की ती केवढी मोठी आहे.

"अन् मिरचीवर घमेलं?"

"बकरी खाईल म्हणून."

कमल माझ्याकडे बघत राहिली. तिला हसू येत होतं की राग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "दहा बोटांनी मारलं तुमी," ती म्हणाली, "अन् नाव त्या लेकराच्या एका बोटाचं."

दाराच्या आड काहीतरी हललं. रंजू तिथं उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

"मामा, म्हणजे कोहळं तू मारलं?"

"हो."

"वांगं पण?"

"हो."

"मिरची?"

"ती पण मीच."

त्या पोरीचं तोंड असं फुललं की काय सांगू. माझ्या गुन्ह्यांनी एवढा आनंद कोणाला झाला नसेल. ती धावत भिंतीपाशी गेली, टाचा उंच केल्या आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ढोमणेकाकू, माया बोटानं काई होत नाई. मामानं हात लावला का मरते."

माझ्या हाताचा गुण तिथं संपला. दुसऱ्या दिवसापासून लोक मला आपली रोपं दाखवायचे ते झाकून.

कमलनं कोहळं कापलं. आत असा केशरी रंग होता की आम्ही तिघंही क्षणभर नुसतं बघत राहिलो. जाळीत बिया ओळीनं बसलेल्या, ओल्या, चकचकीत. रंजूनं हात काखेतून काढला, बोट सरळ केलं, थोडं थांबली, आणि बियांकडे दाखवलं. मग कमलनं कोहळं किसलं, गूळ चिरला, कणीक घातली. मी मदतीला पुढं झालो तर दोघी एकदम म्हणाल्या, "नको." मी पाटावर बसून बोंडं तेलात फुगताना पाहिली. तेवढं मला करू दिलं.

पण रात्री जेवताना रंजूचा हात पुन्हा काखेत होता. कमलनं विचारलं तर म्हणाली, "ते झाडाचं झालं. आईचं मी नाई पाह्यलं." कमलनं एक बोंड तिच्या डाव्या हातात ठेवलं.

सकाळी कॉलनीच्या गेटवरच्या फोनवर निरोप आला. पोरगा झाला, दोघंही बरी आहेत. मी धावत घरी येऊन सांगितलं. रंजूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू पाह्यलं का?" मी म्हटलं, नाही. "मग?" ती म्हणाली. माझ्या शब्दाची आता घरात एवढीच किंमत राहिली होती, आणि ती बरोबर होती.

या वेळी ती स्वतःहून चप्पल घालून तयार झाली. बसमध्ये ती कमलच्या मांडीवर, तिच्या मांडीवर बोंडांचा डबा, आणि उजवा हात काखेत. कंडक्टरनं गंमत म्हणून विचारलं, "हाताले काय झालं गा बाई?" तर तिनं हात आणखी आत खुपसला. अख्ख्या रस्त्यानं ती खिडकीबाहेर बघत होती. निरोप आला होता, सगळं ठीक होतं. पण निरोप चुकीचा असला तर? असं एकदा मनात आलं, आणि मग आलं की हे सगळं त्या पोरीच्या मनात इतके दिवस चाललं होतं.

वॉर्डात शालू खाटेवर टेकून बसली होती. थकलेली, पण हसरी. तिच्या कुशीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक बोचकं.

रंजू दारात थांबली. आम्ही पुढं गेलो, ती नाही. शालूनं हाक मारली, "ये वं, भाऊ पाह्य." ती एक एक पाऊल टाकत आली. खाटेपासून हातभर लांब उभी राहिली. बोचक्यात काही हललं, आणि एक एवढीशी, लालसर, सुरकुतलेली मूठ वर आली. आपल्याला सगळं ठाऊक असतं हो, माणसं जन्माला येतात, रोज येतात. तरी ती मूठ बघून मी तसाच गप्प झालो जसा कोहळ्यापुढे व्हायचो. कुठं आवाज नाही, काही नाही, आणि एक अख्खा माणूस तयार.

रंजूनं काखेतून हात काढला. बोट सरळ केलं.

"हेच होय का?" तिनं विचारलं.

"हेच," शालू म्हणाली.

बाळानं जांभई दिली. रंजूनं बोट तसंच धरून ठेवलं, आणखी थोडा वेळ, खात्री होईपर्यंत. बाळाला काही झालं नाही. त्यानं आणखी एक जांभई दिली. मग ती एकदम रडायला लागली, आणि आईच्या कुशीत घुसली, आणि शालूला काही कळेना, आणि कमल डोळे पुसत तिला सगळं सांगायला लागली. कोहळं, वांगं, मिरची, घमेलं, सगळं. शालू टाके दुखतील म्हणून पोट धरून हसत होती. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायाही ऐकत होत्या.

मला आता राहवेना. मामा झालो होतो मी, दुसऱ्यांदा. मी दोन्ही हात पुढे केले. "दे, आण इकडे. मामाले दे."

रंजू आईच्या कुशीतून उठली. डोळे पुसले. बाळाच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "तू दुरूनच बोट दाखव. हात नको लावू."

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. मी हात मागं घेतले आणि दाखवलं. सरळ बोट करून.